दगडातलं तांबं: बेळगावच्या उद्यमबागेतल्या रविवारच्या भट्टीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

चित्रदुर्गाची गोणी काल रात्री मालट्रकमधून उतरली. आज सकाळी आमच्या फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) लॅबमागच्या पडवीत उघडली. बारा किलो दगड. चित्रदुर्गाजवळ इंगळधाळला तांब्याची खाण होती, ती आता बंद आहे. तिकडच्या एका भूशास्त्राच्या प्राध्यापकांकडे जुन्या नमुन्यांचा साठा होता, त्यातून त्यांनी रीतसर पत्र देऊन हा माल दिला.

दगड हिरवट काळा आणि हाताला जड. त्यातून गारेच्या (क्वार्ट्झच्या) पांढऱ्या शिरा गेल्यात आणि शिरांच्या कडेनं पितळेसारखी पिवळी चमक आहे. हे चाल्कोपायराइट, वैद्यांचं सुवर्णमाक्षिक. तांबं, लोखंड आणि गंधक एकमेकांत घट्ट बांधलेले. शुद्ध असेल तर वजनाच्या ३४.६ टक्के तांबं.

एक खडा अप्पांना दाखवायला घरी नेला. बेळगावातल्याच शहापुरात पन्नास वर्षं त्यांनी घागरी, बंब, तपेली ठोकली. खडा खिडकीशी धरून बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, "ह्यात तांबं कुठं हाय गं? हे पितळ दिसतंय." त्यांच्याकडे तांबं यायचं ते पत्रा होऊनच. दगडापासून पत्र्यापर्यंतची वाट आमच्या घरात कुणीच पाहिलेली नाही. ती मला बघायची आहे. मोठे कारखाने हा दगड वितळवून तांबं काढतात. मी तो आधी भाजणार आणि मग आम्लात विरघळवणार. मफल भट्टी (विजेची, बंद पेटीसारखी) आहे, काचसामान आहे, आणि फाउंड्रीच्या मालकांनी रविवारी लॅब वापरायची मुभा दिली आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीची सुट्टी. सकाळी तीळगूळ वाटून झाल्यावर दुपारभर हातोडा. चमक असलेले तुकडे हाताने निवडले, ते साधारण साडेचार किलो भरले. आधी खलबत्ता, मग छोटी बॉल मिल. १०० मेशच्या चाळणीतून गेलेली, म्हणजे १५० मायक्रॉनच्या आतली पूड तेवढी घेतली. गार दळताना जीव जातो.

१९ जानेवारी, रविवार

आज दोन कामं: पुडीत तांबं किती ते मोजणं, आणि न भाजता आम्लात किती उतरतं ते बघणं.

तांबं मोजायला आयोडीनची जुनी पद्धत. नमुना तीव्र आम्लात पूर्ण विरघळवायचा, लोखंडानं घोळ घालू नये म्हणून फ्लोराइड घालायचं (हातमोजे आणि चष्मा सोडायचा नाही, फ्लोराइड अंगावर घेण्याची गोष्ट नव्हे), मग पोटॅशियम आयोडाइड. सुटलेलं आयोडीन थायोसल्फेटनं मोजायचं. ०.१ नॉर्मल द्रावणाच्या एका मिलिलिटरला ६.३५४ मिलिग्रॅम तांबं. स्टार्चचा निळा रंग जातो त्या थेंबाला ब्युरेट वाचायची. तीन वेळा केलं, सरासरी ३.२ टक्के. निवडून घेतलेला माल असल्यामुळे एवढं आलं, सबंध दगडात इतकं नसणार.

म्हणजे ५० ग्रॅम पुडीत १.६ ग्रॅम तांबं. पुढचे सगळे प्रयोग ५० ग्रॅमचेच करायचे, म्हणजे तुलना सरळ राहील. निक्षालन, म्हणजे लीचिंग, सगळ्यांचं एकसारखं: ५ टक्के गंधकाम्ल २५० मिलिलिटर, ५० अंश, दोन तास, सतत ढवळत.

कच्च्या पुडीवर आम्ल पडताच फेस आला. दगडात चुनखडीचा अंश आहे, तो आम्ल खातोय. दोन तासांनी गाळून मोजलं तर द्रावणात ०.०८ ग्रॅम. पाच टक्के. तेही बहुधा वरवर गंजलेल्या कणांचं. चाल्कोपायराइटवर आम्ल चढलं की कणाच्या अंगावर एक पातळ थर धरतो आणि पुढची वाट बंद होते. म्हणून तर भाजायचं: गंधक हवेत घालवायचा, म्हणजे मागे राहील ते तांब्याचं ऑक्साइड किंवा सल्फेट. ऑक्साइड पातळ आम्लात विरघळतं, सल्फेट तर नुसत्या पाण्यात.

२६ जानेवारी, रविवार

पहिलं भाजणं. मातीच्या पसरट थाळीत ५० ग्रॅम, भट्टी ६०० अंशांवर, दार बंद, दोन तास. दार बंद ठेवलं ते धुरासाठी आणि तापमान स्थिर राहावं म्हणून.

थाळी बाहेर काढली तर वर तांबूस पापुद्रा आणि खाली काळं. आम्लात ०.४५ ग्रॅम उतरलं, २८ टक्के. पाचाचे अठ्ठावीस झाले म्हणून काका खूश (काका आमच्या फाउंड्रीत तीस वर्षं क्युपोलावर, म्हणजे बीड वितळवायच्या भट्टीवर होते, आता रविवारी माझ्यासाठी येतात). मी नाही झाले. काळा भाग का राहिला?

रात्री हिशेब मांडला आणि उत्तर मिळालं. आमच्या पुडीत गंधक अंदाजे ५ टक्के, म्हणजे ५० ग्रॅमला अडीच ग्रॅम. तो आणि लोखंड पूर्ण जळायला साधारण तीन लिटर प्राणवायू लागतो, म्हणजे पंधरा लिटर हवा. भट्टीच्या पोटात जागा पाच लिटरची. शिवाय ६०० अंशांना हवा फुगते. त्या पाच लिटरमध्ये गार हवेच्या मापाने पावणेदोन लिटरही हवा नसते. मी दगडाला उष्णता दिली आणि श्वास दिलाच नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

काकांचं म्हणणं, "आच वाढवा ताई, ओतकामात आच कमी पडली की सगळं बिघडतं." त्यांचा अनुभव मोठा, म्हणून ऐकलं. दार बोटभर उघडं, ७५० अंश, दीड तास. एक्झॉस्ट पंखा पूर्ण वेगात, आम्ही दोघं पडवीत.

माल इतका देखणा निघाला की मी फोटो काढले. सगळीकडे सारखा गडद तांबडा, विटेच्या भुकटीसारखा. लीचिंगनंतर ०.८३ ग्रॅम. बावन्न टक्के. निम्मं तांबं अजून चोथ्यातच. गंधक तर गेलेला दिसतो, मग अडकलं कशात?

चोथ्यावर चुंबक फिरवलं. मिशांसारखे कण उभे राहून चिकटले.

माझा संशय ताम्र-फेराइटवर आहे. आच फार झाली की तांब्याचं ऑक्साइड आणि लोखंडाचं ऑक्साइड वेगवेगळी राहत नाहीत, दोन्ही मिळून नवा संयुग बांधतात. तो चुंबकाला लागतो आणि पातळ आम्लाला दाद देत नाही. पण नुसत्या चुंबकावरून तसं म्हणता येणार नाही, अर्धवट भाजलेल्या लोखंडी खनिजातही चुंबकत्व येतं. चोथा जपून ठेवला, तपासायचा.

५ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी मावशीकडे. मावशीचे यजमान वैद्य आहेत आणि सुवर्णमाक्षिक स्वतः शोधतात. शोधतात म्हणजे शुद्ध करतात. मी कसं ते विचारलं. लोखंडी कढई, त्यात माक्षिकाची पूड, लिंबाचा रस, खाली जाळ, आणि लांब दांड्याच्या पळीनं सतत ढवळत राहायचं, पूड लालभडक होईपर्यंत. मी म्हटलं, किती वेळ? ते म्हणाले, "वास जाईस्तवर. आणि हात थांबवायचा नाही. हात थांबला की गोळे धरतात आणि गोळ्याच्या पोटात ते कच्चंच राहतं."

घरी येताना आईची भाजणी आठवली. थालीपिठाच्या भाजणीला ती प्रत्येक धान्य वेगळं भाजते, मंद आचेवर, आणि उलथनं थांबू देत नाही. ज्वारी वरून करपते आणि आत कच्ची राहते ती आच मोठी आणि हात आळशी असला की. माझ्या थाळीत २६ तारखेला नेमकं हेच झालं होतं, आणि मी शोधत होते ते तक्त्यांमध्ये.

९ फेब्रुवारी, रविवार

खानापूर. तिथली माती आणि तिथले कुंभार अख्ख्या भागाला माहीत आहेत, ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथे आहे. मला हवी होती एक नळी: पन्हाळीसारखी अर्धगोल, वर झाकण, एका टोकाला हवा आत येण्याचं भोक, दुसऱ्या टोकाला धूर बाहेर जायचं, आणि झाकणात ढवळायची सळी जाईल एवढी फट. एका कुंभार अण्णांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि जमिनीवर बोटानं परत काढलं. "किती तापणार?" मी म्हटलं, सहाशे, फार तर साडेसहाशे. "मग काय न्हाई. कौलांचा चुरा घालतो मातीत, तडा जायचा न्हाई. तीन करतो, एक तरी वाकडं हुणारच." सुकायला आठवडा, मग त्यांच्या भट्टीचा दिवस. दोन आठवड्यांनी या म्हणाले.

धुराचा विचार मला आता सोडवत नाही. अडीच ग्रॅम गंधकापासून पाच ग्रॅम सल्फर डायऑक्साइड होतो, सुमारे दोन लिटर. आमची लॅबची खोली साठ घनमीटरची. सगळा वायू खोलीत पसरला तर दहा लाखात तीसच्या वर भाग. शंभर भागांना तो जिवाला तात्काळ धोक्याचा धरतात, आणि घसा तर त्याच्या कितीतरी आधी धरतो. पन्नास ग्रॅम दगडाचं हे. स्पेनमधल्या रिओ टिंटोला गंधकी तांब्याचे दगड उघड्यावर ढीग रचून महिनोन् महिने भाजत असत. आजूबाजूची शेती करपली, माणसं खोकत होती. ४ फेब्रुवारी १८८८ ला खाणकामगार आणि शेतकरी मिळून त्या धुराविरुद्ध चालून आले, तेव्हा सैन्यानं गोळ्या झाडल्या. उद्यमबागेच्या भिंतीपलीकडे घरं आहेत. नळी आल्याशिवाय पुढचं भाजणं करायचं नाही असं ठरवलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भरत पुनव, म्हणजे माघी पौर्णिमा. काका सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला गेले. लॅबमध्ये काही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

७५० अंशांच्या चोथ्याची तपासणी. पातळ आम्लात पुन्हा दोन तास ठेवला, जवळजवळ काही उतरलं नाही. मग तोच चोथा तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळला: द्रावण पिवळट हिरवं झालं आणि अर्ध्या ग्रॅमच्या आसपास तांबं निघालं. कच्चा सल्फाइड असता तर हे आम्ल असं झटपट काढू शकलं नसतं. फेराइटचाच संशय पक्का होतो. काकांना दाखवलं. ते बराच वेळ बाटलीकडे बघत बसले, मग म्हणाले, "म्हंजे जास्त तापवलं म्हणून कुलूप लागलं." हो, तेच.

म्हणून खिडकी अरुंद आहे. लोखंडाचं सल्फेट लवकर मोडतं आणि त्याचं न विरघळणारं तांबडं ऑक्साइड होतं. तांब्याचं सल्फेट जरा जास्त तग धरतं, पण साधारण ६५० च्या वर तेही टिकत नाही. या दोन्हींच्या मधे राहिलं तर तांबं विरघळणारं राहतं आणि लोखंड बहुतेक चोथ्यात बसतं. आफ्रिकेत काँगोच्या कटांगा पट्ट्यात कोबाल्ट असलेला तांब्याचा माल भाजून विरघळवत आले तो याच आधारावर.

जाता जाता दुसरा एक प्रयोग. निवडीतून उरलेले लिंबाएवढे खडे ६०० अंशांपर्यंत तापवून पाण्यात टाकले. हातोड्याच्या एका टोल्यात भुगा. गारेची ५७३ अंशांना आतली रचना बदलते आणि ती एकदम फुगते, त्यात वरून थंड पाणी. जुन्या काळी खाणीत दगडाशी जाळ लावून तो फोडत ते यामुळेच. संक्रांतीला हे सुचलं असतं तर बरंच दळणं वाचलं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

तीन नळ्या आल्या, एक खरंच वाकडी. काकांनी मफलच्या दाराच्या जागी इन्सुलेशन विटांची भिंत बसवली, तिच्यातून नळीची दोन्ही तोंडं बाहेर. एका बाजूनं माशांच्या टाकीचा हवेचा पंप, दुसऱ्या बाजूनं रबरी नळी दाट चुन्याच्या पाण्यात बुडवलेली, धूर शोषायला. वास घेऊन भाजणं संपलं का ते बघणं मला परवडणार नाही, म्हणून चुन्याच्या आधी टी-जोड लावून तिथे पर्मँगनेटचं फिक्कट जांभळं पाणी ठेवलं. अधूनमधून धूर तिकडे वळवायचा. गंधकाचा वायू असेल तर रंग उडतो. रंग टिकला की भाजणं झालं.

आणखी एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) थेट पुडीत खुपसलं, बरं झालं. भट्टी ५९० दाखवत होती तेव्हा पुडीच्या आत ६६५! गंधक जळताना स्वतःच तापतो. म्हणजे मी ज्याला सहाशे म्हणत होते ते सहाशे नव्हतंच, सुरुवातीच्या पाव तासात तर नाहीच. आज न ढवळता केलं, मुद्दाम, फरक कळावा म्हणून. १.०७ ग्रॅम, ६७ टक्के. गोळे धरले होते, फोडले तर आत काळे. वैद्यांचं बोलणं शब्दाला शब्द.

२ मार्च, रविवार

नळी फुटली.

आज सळीनं ढवळत होतो, ४५० अंशांवर अर्धा तास थांबून मग हळूहळू वर नेत होतो, सगळं मनासारखं. पावणेचारला वीज गेली. पंप बंद, भट्टी बंद. मी दिव्याच्या नादात होते. नळी आतून गार व्हायला लागली, आतली हवा आक्रसली, आणि तिनं चुन्याचं पाणी रबरी नळीतून उलटं ओढून घेतलं. पाचशे अंशांच्या मातीवर पाणी. फटाक्यासारखा आवाज आला आणि झाकणाचे चार तुकडे झाले. विटांची भिंत आडवी होती म्हणून वाफ आमच्या अंगावर आली नाही. मी अर्धा तास तिथेच बसून होते, हात थरथरत होते. चूक माझी होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवतात: वायू पाण्यात सोडताना मध्ये रिकामी बाटली लावायची.

खानापुरात अण्णांना फोन केला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून आधीच सांगितलं की माती चांगली होती. ते म्हणाले, "ताई, तुमी बऱ्या हाय ना? नळीचं काय, परत हुतंय."

९ मार्च, रविवार

सरळ निघालेल्या दोनांपैकी उरलेली नळी. धूर आणि चुना यांच्या मध्ये आता दोन लिटरची रिकामी बाटली, आणि पंपाला इन्व्हर्टर.

आजची रीत तपशिलात लिहून ठेवते, कारण हीच पुढे वापरायची आहे. ५० ग्रॅम पूड, थराची जाडी करंगळीपेक्षा कमी. ४५० अंशांपर्यंत हवा मंद. तिथे अर्धा तास, या वेळात पर्मँगनेट क्षणात पांढरं पडतं. मग हवा वाढवायची, पुडीतलं थर्मोकपल ६०० च्या वर जाऊ द्यायचं नाही. गेलंच तर हवा कमी करायची, भट्टीला हात लावायचा नाही, ती फार उशिरा ऐकते. दर दहा मिनिटांनी स्टेनलेसच्या सळीनं सबंध थर उलटायचा, कोपऱ्यांसकट. दोन तास चाळीस मिनिटांनी पर्मँगनेटचा रंग टिकला. आणखी वीस मिनिटं दिली.

माल २ फेब्रुवारीसारखा देखणा नाही. मळकट तपकिरी, मध्येमध्ये करडा. आधी गरम पाण्यात टाकला आणि पाणी निळं झालं. नुसतं पाणी, आम्लाचा थेंब नाही. काकांनी बीकर उजेडात धरला आणि "आई यल्लम्मा" म्हणाले. पाण्यात ०.४ ग्रॅम, मग त्याच मालावर आम्ल, दोन्ही मिळून १.४४ ग्रॅम. नव्वद टक्के. आम्ल टाकल्यावर या वेळी फेस जवळजवळ नव्हता; चुनखडीच्या अंशानं भाजतानाच थोडा गंधक धरून जिप्सम केलं असावं. चुंबकाला चोथ्यातले थोडेच कण लागले.

तापमान तेच ६००, २६ जानेवारीचंच. तेव्हा २८, आता ९०. मधे थोडा जास्त वेळ, आणि मुख्य म्हणजे हवा आणि हात.

१६ मार्च, रविवार

५६० अंशांवर चार तास. एकूण १.४६ ग्रॅम, म्हणजे गेल्या रविवारसारखंच, पण त्यातलं ०.६२ नुसत्या पाण्यानं आलं. आच थोडी कमी, वेळ थोडा जास्त, तर सल्फेट जास्त टिकतं आणि आम्ल वाचतं. वेळेची वीज मात्र जास्त. माझ्यासाठी ५६० बरं, कारण घाई केली की तापमान निसटतं हे मी पाहिलं आहे.

वीज मीटरवरून एक खेप सात युनिटची पडते. ३.२ टक्के तांब्यासाठी ९७ टक्के दगड तापवत बसणं हे धंद्याचं गणित नाही. कारखाने आधी दगड बारीक करून फेसावर तरंगवून चाल्कोपायराइट वेगळं काढतात, वीस-पंचवीस टक्के तांब्याचा सांद्र (कॉन्सन्ट्रेट) करतात, मग आच लावतात. तसा सांद्र भाजला तर गंधकाच्या स्वतःच्या उष्णतेवरच बरंचसं काम होतं, आणि धूर इतका दाट मिळतो की त्याचं गंधकाम्ल करता येतं. हे सगळं मान्य करूनही मला हा एक किलो पूर्ण करायचा आहे.

२३ मार्च, रविवार आणि मधल्या संध्याकाळी

२०० ग्रॅमच्या पाच खेपा, मिळून एक किलो. थर जाड झाला म्हणून प्रत्येकी पाच तास. तिसऱ्या खेपेत पुडीचं तापमान ६४० ला गेलं, बाकी ठीक. चुन्याचं पाणी दोनदा बदललं.

६ एप्रिल, रविवार

पाडवा घरी झाला, आज रामनवमी आणि लीचिंग. पाच लिटर आम्ल. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही, हे भाचीला चार वेळा म्हणायला लावलं. ती डिप्लोमाला आहे, आजपासून येते. द्रावणात २८.२ ग्रॅम तांबं, ३२ पैकी, म्हणजे ८८ टक्के.

आता द्रावणातून तांबं बाहेर काढायला लोखंड. तांब्याच्या निळ्या द्रावणात लोखंड घातलं की लोखंड विरघळतं आणि तांबं त्याच्या अंगावर बसतं. एक किलो तांब्याला हिशेबानं ०.८८ किलो लोखंड. आमच्याकडे लेथवरचा बिडाचा चुरा पोत्यांनी पडलेला असतो, फुकट. भाची तोच घेऊन आली. मी नको म्हटलं: बिडात ग्राफाइट असतं, लोखंड विरघळलं की ते काळं मागे राहतं आणि तांब्यात मिसळतं. माइल्ड स्टीलच्या पत्र्याची कात्रणं घासून पुसून टाकली. दहा मिनिटांत लाल पापुद्रा, तासाभरात पापुद्रे सुटून तळाला. शेवटी पाणी फिक्कट हिरवं. लोखंड ३४ ग्रॅम गेलं, हिशेबाच्या २५ पेक्षा बरंच जास्त. उरलेल्या आम्लानं आणि द्रावणात आलेल्या फेरिक लोखंडानं आपला वाटा घेतला.

धुऊन, वाळवून २९.५ ग्रॅम तांबडी भुकटी. त्यात लोखंडाचे कण आणि थोडं ऑक्साइड आहेच, नाहीतर २८.२ चे २९.५ होणार नाहीत.

१३ एप्रिल, रविवार

तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, आमची मफल तिथवर जात नाही. शहापुरात घराजवळच्या सोनारांकडे गेलो, मी, भाची आणि अप्पा. ग्राफाइटची मूस, भुकटी, टाकणखार, वर कोळशाचा चुरा, आणि त्यांची गॅसची ज्योत. भुकटी आधी काळी पडली, मग आक्रसली, मग एकदम आरशासारखी लखलखली. २५ ग्रॅमचा गोळा. थंड झाल्यावर टाकणखाराची हिरवी काच ठोकून काढली आणि आत तांबं होतं. आमच्या चित्रदुर्गाच्या दगडातलं.

अप्पांनी तो खिशात घातला आणि घरी येऊन थेट ऐरणीवर ठेवला. गेली चार वर्षं त्यांनी त्या ऐरणीला हात लावला नव्हता. पहिले दोन टोले, गोळा पसरला. तिसऱ्याला कडेला भेग. त्यांनी तो चिमट्यात धरून लाल केला, पाण्यात विझवला, पुन्हा ठोकला. मऊ झाला, रुपयाएवढा पसरला, पण भेगा आत सरकल्या.

"तांबं हाय," ते म्हणाले. "पण पोटात अजून घाण हाय. ह्याचं भांडं व्हायचं न्हाई."

काकांना फोन लावला. ते म्हणाले, वितळलेल्या तांब्यात ओलं लाकूड बुडवून ढवळतात, त्यानं आतला प्राणवायू जातो. तेवढ्यानं लोखंड जाईल असं मला वाटत नाही. लोखंडाची कात्रणं न वापरता द्रावणातूनच विजेनं तांबं काढलं, शिशाच्या पट्टीचा धन ध्रुव आणि तांब्याच्या पातळ पत्र्याचा ऋण ध्रुव घेऊन, तर लोखंड येणारच नाही. निवडलेल्या मालातली तीन किलो पूड शिल्लक आहे. नळी एक आहे, वाकडी धरली तर दोन. अप्पा ऋण ध्रुवासाठी पत्रा कापून देणार आहेत, अर्धा मिलिमीटर जाडीचा, मंगळवारपर्यंत.